ठिपक्यांची रेघ कुठे काढायची: पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या प्रकल्प नोंदी

14 जुलै 2025

विभागाच्या मीटिंगमध्ये प्रकल्प मंजूर झाला. पैसे जेमतेम, पण वेळापत्रकात आठवड्याला एक जादा तास मिळाला. मला तोच हवा होता. विषय: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हायड्रोजन बंध कसा शिकवायचा. म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन सहसा शेजारच्या रेणूतल्या अणूकडे ओढला जातो ते आकर्षण, चित्रात ठिपक्यांच्या रेघेने दाखवतात ते.

यात प्रकल्प कसला, असं कुणालाही वाटेल. अकरावीत होतो, बारावीत अल्कोहोलच्या धड्यात पुन्हा भेटतो, सीईटीच्या क्लासमध्ये घोटून होतो. अडचण तीच आहे. मुलं उत्तर खिशात घेऊनच येतात. पाण्याचा उत्कलनबिंदू इतका जास्त का? 'हायड्रोजन बाँडिंगमुळे, मॅडम.' तो बंध कुठून कुठे जातो ते दाखव म्हटलं, की सगळा वर्ग वहीत डोकं घालतो.

बेत साधा आहे. पुरावा आधी, नियम नंतर. आकडे, आलेख, प्रयोग, मॉडेल या वाटेने जायचं. क्लासवाले जे 'फोन' शिकवतात (एफ, ओ, एन: हायड्रोजन फ्लुओरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला असेल तरच हायड्रोजन बंध), ते फळ्यावर सगळ्यात शेवटी येईल.

18 जुलै

शिकवण्याआधी काय आहे ते बघायचं म्हणून कोरा कागद दिला. नावं लिहायची नाहीत, मार्क नाहीत, मराठी-इंग्रजी काहीही चालेल. पहिलं काम: इथेनॉलचे तीन रेणू काढा आणि हायड्रोजन बंध दाखवा.

बहुतेकांनी रेणूच्या आतल्या ओ-एच बंधालाच गोल केला. तीन रेणू काढलेत, तिन्हींत तो गोल, आणि रेणूंच्या मधली जागा कोरी. काहींनी एका रेणूच्या मिथाइलमधला हायड्रोजन दुसऱ्याच्या मिथाइलमधल्या हायड्रोजनला जोडला. नाव हायड्रोजन बंध, तेव्हा दोन्हीकडे हायड्रोजन हवा, असा हिशेब असावा. ऑक्सिजनच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोड्या काढणारे बोटांवर मोजण्याइतके.

हे काही आपल्याकडचंच दुखणं नाही. अमेरिकेत रसायनशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या मेलनी कूपर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये विद्यार्थ्यांकडून हीच चित्रं काढून घेतली होती, तिथेही रेणूंमधलं आकर्षण बरेच जण रेणूच्या आत दाखवत होते. गंमत अशी की लेखी उत्तर वाचून हा घोळ कळतच नाही. वाक्य बरोबर असतं. पेन्सिल हातात दिली की कळतं.

दुसरं काम: फ्लुओरोमिथेनमध्ये हायड्रोजन आहे, फ्लुओरिन आहे, मग त्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध होतो का? 'फोन'वाल्यांनी एकजात 'हो' लिहिलं. हायड्रोजन तिथे कार्बनला चिकटलेला आहे याकडे कुणाचं लक्ष नाही. हा पदार्थ उणे 78 अंशांनाच उकळतो.

तिसरं: पाणी उकळताना बुडबुड्यांत काय असतं? 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' लिहिणारेही निघाले. उकळण्यात ओ-एच तुटतो असं वाटलं तर उत्तर तेच येणार. रेणूच्या आतला ओ-एच सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे 463 किलोज्यूल लागतात, पाण्यातल्या हायड्रोजन बंधाला 22 च्या आसपास. गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात पाणी फुटून हायड्रोजन निघू लागला असता तर पुण्यात एक स्वयंपाकघर शिल्लक राहिलं नसतं.

23 जुलै

आलेखाचा तास. उत्कलनबिंदूंचे नुसते आकडे दिले, कारण सांगितलं नाही. हायड्रोजन सल्फाइड उणे 60, सेलेनाइड उणे 41, टेल्युराइड उणे 2. या तिघांवरून रेघ मागे ओढा आणि पाणी कुठे उकळायला हवं ते सांगा.

निम्म्या बाकांवर उत्तर उणे 80 च्या पलीकडे, निम्म्यांवर उणे 65 ते 70. भांडण सुरू. मी मुद्दामच आडव्या अक्षावर काय घ्यायचं ते सांगितलं नव्हतं. ज्यांनी आवर्त सारख्या अंतरावर मांडले त्यांची रेघ खोल गेली, ज्यांनी रेणुभार घेतला त्यांची कमी. कोण बरोबर? रेघ पुढे ओढणं हा अंदाज आहे, तो अक्षावर अवलंबून असतो, एवढं पदरात पडलं तरी तास वसूल. अक्ष कुठलाही घ्या, पाणी खऱ्या जगात 100 ला उकळतं. दीडशे अंशांहून मोठी ही फट हाच पुरावा.

मग बाकीच्या रांगा. हायड्रोजन क्लोराइड उणे 85, ब्रोमाइड उणे 67, आयोडाइड उणे 35, आणि फ्लुओराइड एकदम 19.5. फॉस्फीन उणे 88, अमोनिया उणे 33. मिथेनची रांग मात्र सरळ: मिथेन उणे 161, सिलेन उणे 112, जर्मेन उणे 88, स्टॅनेन उणे 52. वर उडी नाही. 'म्हणजे कार्बनला काही होत नाही', मागच्या बाकावरून आवाज आला. नियमाचा पहिला तुकडा मुलांच्या तोंडून आला, मी खडू खाली ठेवला.

30 जुलै

खरेदी. तपकीर गल्लीत चपटी निओडिमियम चुंबकं मिळाली, रविवार पेठेत लाकडी गोळे. बोहरी आळीत शिरलं की चार वस्तू जास्तच घेतल्या जातात, त्या विभागाच्या बिलात लावलेल्या नाहीत.

प्रयोगशाळेतल्या मामांनी गोळ्यांना भोकं पाडून दिली. कोन चुकू नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा साचा केला, मला सुचला नसता. पाण्याच्या गोळ्यावर चार चुंबकं: दोन उत्तर ध्रुव बाहेर, ते हायड्रोजन, पांढरा ठिपका. दोन दक्षिण ध्रुव बाहेर, त्या एकाकी जोड्या, लाल ठिपका. हायड्रोजन फ्लुओराइडच्या (एचएफ) गोळ्यावर एक पांढरा, तीन लाल. अमोनियावर तीन पांढरे, एक लाल.

मॉडेलला मर्यादा आहेतच. चुंबक चिकटलं की चिकटलं, खऱ्या पाण्यात हे बंध पिकोसेकंदांत तुटतात आणि नव्या शेजाऱ्याशी जुळतात. हे वर्गात आधीच सांगायचं, नाहीतर द्रव पाणी म्हणजे लाकडी जाळी अशी समजूत होऊन बसेल.

5 ऑगस्ट

आजचा तास या प्रकल्पातला आत्तापर्यंतचा सर्वांत चांगला. सविस्तर लिहिते.

प्रश्न एका मुलीने विचारला. ती वारज्याहून दोन बस बदलून येते आणि पहिल्या बाकावर बसते. 'मॅडम, विद्युतऋणता फ्लुओरिनची जास्त. मग त्याचा हायड्रोजन बंध जास्त मजबूत. मग पाणी शंभरला आणि एचएफ एकोणीसला का?' (विद्युतऋणता म्हणजे अणूची इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद.) बारावीच्या अनेक नोट्समध्ये या प्रश्नाला बगल दिलेली असते.

उत्तर दिलं नाही. गोळे वाटले. प्रत्येक गटाला एकाच पदार्थाचे गोळे, आणि सूचना एवढीच: पांढरा लालला जोडा, जास्तीत जास्त जोड्या करा, मोजा.

पाण्याच्या गटाचं जाळं बाकावरून उंच होत गेलं. प्रत्येक गोळ्याला चार शेजारी. एचएफच्या गटाची वेडीवाकडी साखळी झाली, लाल ठिपके ढीगभर रिकामे. अमोनियाच्या गटात उलटं, पांढरे शिल्लक आणि लाल संपलेले. मग तीच मुलगी उठली: 'मॅडम, यांना द्यायला एकच हात आहे. रांग होते, जाळं नाही होत.'

पुढचं फळ्यावर मांडलं. जोडीसाठी एक पांढरा आणि एक लाल लागतो, जो कमी तो मर्यादा घालतो. म्हणून एचएफला रेणूमागे सरासरी एक बंध, अमोनियाला एक, पाण्याला दोन (शेजारी चार, पण प्रत्येक बंध दोघांत वाटलेला). बंधाची ताकद एचएफमध्ये साधारण 29 किलोज्यूल, पाण्यात 22, अमोनियात 17. आता 29 एकदा आणि 22 दोनदा, करा तुलना. शिवाय एचएफ उकळला तरी सगळे बंध तुटत नाहीत, वाफेतही रेणूंची कडी आणि साखळ्या टिकून राहतात, म्हणजे उकळायला पूर्ण किंमत मोजावीच लागत नाही.

इथे एका मुलाने मोबाइलवरून क्लासची पीडीएफ दाखवली: 'पण इथे एचएफसाठी 161.5 लिहिलंय.' हा आकडा जिथे तिथे फिरतो. तो बायफ्लुओराइड आयनाचा आहे, एचएफ द्रवाचा नव्हे. त्या आयनात एक हायड्रोजन दोन फ्लुओरिनच्या बरोबर मध्ये बसलेला असतो, पोटॅशियम बायफ्लुओराइडच्या स्फटिकात असतो तसा. तो सगळ्यात मजबूत हायड्रोजन बंधांपैकी एक आहे, पण त्याच्यावरून साध्या एचएफचं गणित केलं तर पाणी कायम हरेल आणि उत्कलनबिंदू खोटे ठरतील. पीडीएफवाल्यांनी खाली एक ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं.

8 ऑगस्ट

बाष्पीभवनाचा प्रयोग. थर्मामीटरच्या टोकाला फिल्टर पेपरची पट्टी, वर रबर बँड, पट्टी द्रवात बुडवायची, बाहेर काढून दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं. द्रव: ॲसिटोन, इथेनॉल, एक-ब्युटेनॉल, पाणी. बर्नर सगळे बंद, खिडक्या उघड्या.

करण्याआधी अंदाज लिहून घेतला, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. हुशार मुलांनीच ठामपणे लिहिलं की ब्युटेनॉल सर्वांत जास्त थंड होईल. युक्तिवाद ऐकण्यासारखा: आकर्षण जास्त, ते तोडायला उष्णता जास्त लागणार, ती पट्टीतून घेतली जाणार, म्हणजे पट्टी जास्त गार. प्रत्येक पायरी बरोबर वाटते.

ॲसिटोनचा पारा झरझर उतरला, ब्युटेनॉल जागचा हलेना. मग आकडे दिले, 25 अंशांचे. बाष्पीभवनाची उष्णता मोलमागे ॲसिटोन 31 किलोज्यूल, इथेनॉल 42, पाणी 44, ब्युटेनॉल 52. बाष्पदाब (द्रवातून रेणू किती सहज बाहेर पडतात त्याचं माप) मात्र ॲसिटोनचा 30 किलोपास्कलच्या वर, इथेनॉलचा 8 च्या जवळ, पाण्याचा 3 च्या थोडा वर, ब्युटेनॉलचा एकालाही पोचत नाही. रेणूमागची किंमत दुपटीनेही वाढत नाही, बाहेर पडणाऱ्या रेणूंची संख्या तीसएक पटींनी घटते. थंडावा या दोन्हींचा गुणाकार असतो. अंदाज लिहिणाऱ्यांनी एकच आकडा धरला होता.

पाण्याचा पारा जेमतेम दोन-तीन अंश उतरला. बाहेर सकाळपासून भुरभुर, हवा आधीच वाफेने भरलेली. हवेत इथेनॉलची वाफ नसते, म्हणून त्याला पावसाळ्याचं सोयरसुतक नाही. हाच प्रयोग फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी पुन्हा करायचा, तेव्हा पाण्याचा आकडा वेगळा येईल. मुलांनीच तशी मागणी केली आहे.

अर्धा वर्ग जांभया देत होता. ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झालेत, रात्री नदीकाठी, सकाळी इथे. एकाच्या बोटांना पट्ट्या होत्या, थर्मामीटर त्याच्या हातात दिला नाही.

13 ऑगस्ट

आज मीच नियमाला धक्का दिला. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन, दोन्ही खोलीच्या तापमानाला, थोडेसेच, फ्यूम हूडखाली एकत्र. पारा दहाएक अंशांनी चढला. ना ज्योत, ना ॲसिड. उष्णता कुठून आली?

शुद्ध ॲसिटोनमध्ये द्यायला हायड्रोजन नाही. क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन कार्बनवर आहे, 'फोन'च्या हिशेबाने बाद. पण त्या कार्बनवर तीन क्लोरिन बसलेत, ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि हायड्रोजन उघडा पडतो. ॲसिटोनचा ऑक्सिजन त्याला धरतो. याच कारणाने हे मिश्रण राउल्टच्या नियमापासून (मिश्रणाचा बाष्पदाब घटकांच्या प्रमाणावरून सांगणारा नियम) ऋण बाजूला सरकतं, म्हणजे बाष्पदाब हिशेबापेक्षा कमी भरतो. ॲसिटोन 56 ला उकळतो, क्लोरोफॉर्म 61 ला, आणि ठरावीक प्रमाणातलं मिश्रण दोघांच्याही वर, 64 च्या पुढे. बारावीत ही दोन उदाहरणं वेगवेगळ्या धड्यांत येतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट, पुढच्या वर्षी कुणी हा प्रयोग करणार असेल तर: हे मिश्रण स्वतंत्र वेस्ट बाटलीत. कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश असलेल्या बाटलीत चुकूनही नाही. अल्कली असेल तर क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनची अभिक्रिया इतकी उष्णता सोडते की बाटली फुटू शकते. मामांनी लाल मार्करने लिहून ठेवलं आहे.

शेवटच्या दहा मिनिटांत आययूपीएसीची (रसायनशास्त्रातल्या व्याख्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हायड्रोजन बंधाची 2011 ची व्याख्या सांगितली. ज्या गटाने ती केली त्याचे प्रमुख बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन. त्या व्याख्येत एफ-ओ-एनची यादी नाही. हायड्रोजन ज्याला जोडलेला आहे त्याची विद्युतऋणता हायड्रोजनपेक्षा जास्त हवी, आणि बंध झाल्याचा पुरावा हवा. 'म्हणजे आम्ही महिनाभर व्याख्याच करत होतो', एक मुलगा म्हणाला.

20 ऑगस्ट

मुसळधार पाऊस. हजेरी इतकी कमी की नवीन काही घेतलं नाही. आलेल्यांनी गोळ्यांशी खेळत वेळ काढला.

22 ऑगस्ट

रेणुसूत्र एकच, पदार्थ दोन: एक-ब्युटेनॉल आणि डायइथाइल ईथर. एक 118 ला उकळतो, दुसरा 35 च्या आतच. इथवर मुलांना सोपं गेलं: ईथरला द्यायला हायड्रोजन नाही. मग विचारलं, पाण्यात जास्त कोण विरघळेल? सगळे ब्युटेनॉल म्हणाले. खरं तर दोघंही जवळपास सारखे, 100 मिलीला 7 ग्रॅमच्या आसपास.

हा प्रश्न मला 'फोन'च्या दहा प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण घेणारा आणि देणारा वेगळे केल्याशिवाय तो सुटत नाही. ईथरचे रेणू एकमेकांना काही देऊ शकत नाहीत, पण पाणी द्यायला तयार असेल तर घेऊ शकतात. गोळ्यांवर नुसते लाल ठिपके असलेला ईथर करायला हवा होता. एका गटाने पांढऱ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून तो तिथल्या तिथे केला.

10 सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा सुरुवात. इंटर्नलची प्रश्नपत्रिका काढायची होती, त्यावर विभागातल्या ज्येष्ठ सरांशी वाद.

सरांचं म्हणणं: 'मॅडम, तुमचं सगळं छान आहे. पण विद्यापीठाच्या पेपरात कारणे द्या येणार, दोन मार्क. पोरांनी हायड्रोजन बाँड लिहिलं की मार्क. चित्र काढत बसली तर बाकीचा पेपर कोण सोडवणार?'

यात तथ्य आहे. मोठे वर्ग, पेपरांचे गठ्ठे, तपासणाऱ्याला ठरावीक शब्द शोधणं सोयीचं. पण दोन शब्दांना दोन मार्क देत राहिलो तर मुलं दोनच शब्द शिकतील. शेवटी तोड निघाली: प्रश्न तोच, एक मार्क कारणाला, एक मार्क आकृतीला, आणि आकृतीत ठिपक्यांची रेघ दोन रेणूंमध्ये असली तरच. सरांनी मान्य केलं, वर 'तपासायला तुम्हीच घ्या' असंही म्हणाले.

19 सप्टेंबर

इंटर्नलचे पेपर तपासून झाले. ओ-एचला गोल करणारे अजून आहेत, पण तुरळक. रेघ आता रेणूंच्या मध्ये आली. बऱ्याच जणांनी एकाकी जोड्या न सांगता काढल्या. काही आकृत्यांत रेघ ऑक्सिजनपासून ऑक्सिजनपर्यंत, मधला हायड्रोजन वगळून. तो घोळ गोळ्यांमुळेच झाला असावा, कारण गोळ्यावर हायड्रोजन म्हणजे नुसता ठिपका, वेगळा अणू दिसत नाही. पुढच्या संचात पांढरा ठिपका बाहेर आलेला हवा, छोटा मणी चिकटवून.

बर्फाच्या प्रश्नाने मात्र विकेट काढली. 'बर्फात हायड्रोजन बंध जास्त पक्के, म्हणून रेणू जवळ येतात, म्हणून बर्फ जड', असं लिहून पुढच्याच ओळीत 'म्हणून बर्फ तरंगतो'. दोन्ही वाक्यं एका पानावर शांतपणे नांदत आहेत. पेपर परत देताना गोळ्यांचं सहा जणांचं कडं बनवून मध्ये बोट घालायला लावलं. बोट सहज आरपार जातं. प्रत्येक रेणूला चारच शेजारी, ठरलेल्या दिशांना, म्हणून मधे पोकळी. बर्फाची घनता घन सेंटिमीटरला 0.917 ग्रॅम, पाण्यापेक्षा कमी. बर्फ वितळला की काही बंध सुटतात, काही वाकतात, जाळं ढासळतं, रेणू त्या पोकळीत सरकतात. म्हणून शून्यापासून चार अंशांपर्यंत पाणी तापवलं तर आकसतं.

पुढच्या सत्रासाठी ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल (रेणुसूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी) ठरवलं आहे. ऑर्थो 45 अंशांना वितळतो आणि वाफेबरोबर निघून येतो, पॅरा 114 ला, आणि तो मागे राहतो. ऑर्थोत ठिपक्यांची रेघ एकाच रेणूच्या आत काढावी लागते. सत्रभर 'आत नाही, मध्ये' असं बजावल्यावर हे उदाहरण आणायचं, तेव्हा वर्ग काय म्हणतो ते बघायचं आहे. मामांना कपाटातल्या बाटल्या तपासायला सांगितल्या. पॅरा सापडला, ऑर्थोची मागणी द्यावी लागेल.